शेऱ्याविना सहा आठवडे

फोन आला तेव्हा मी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. पलीकडून सलीम बोलत होता, शेख सरांचा थोरला मुलगा. "बाई, अब्बा गेले," एवढंच म्हणाला आणि थांबला. पहाटे, झोपेतच. मग मी त्याला काय काय विचारत सुटले... भाभींची, म्हणजे त्याच्या आईची, तब्येत कशी आहे, घरात कोण कोण आहे, नगरहून आत्ता गाडी करून निघाले तर वेळेत पोहोचेन का. सगळे व्यवहाराचे प्रश्न. आयुष्यभर विज्ञान शिकवल्यामुळे असेल, पण काही कोसळलं की मी आधी मोजमाप घेत बसते, रडू मागाहून येतं. त्या दिवशी ते आलंच नाही. संध्याकाळी परत आले तर मेथी गॅलरीत तशीच पडलेली, कोमेजून गेलेली. ती उचलून टाकताना मात्र मी तिथेच खाली बसले.

शेख सर, म्हणजे इब्राहिम शेख, श्रीगोंदा तालुक्यात काष्टीपासून चार मैलांवरच्या आमच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांच्या जाण्याची बातमी कुठे छापून आली नाही. छापून येण्यासारखं त्यांनी काय केलं, असं कुणी विचारलं तर मलाही पटकन उत्तर देता येणार नाही. त्यांनी एक मोठं काम हाती घेतलं होतं आणि ते अर्ध्यावर सोडलं होतं. ते का सोडलं हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. पण त्यातला एक भाग फक्त मला ठाऊक आहे, अशा समजुतीत मी पन्नास वर्षं काढली. आज लिहायला बसले आहे ती त्यासाठीच. मृत माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात, ते तर मी बोलणारच आहे. पण मला स्वतःविषयीही थोडं वाईट बोलायचं आहे.

मी त्या शाळेत सत्तर साली लागले. बावीस वर्षांची होते, नगर शहरातली, आणि शाळेतली एकुलती एक बाई. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची दाखवली आणि सगळे सर एकदम गप्प झाले. शेख सर तेवढे उठून आले. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. म्हणाले, "जगतापबाई ना? बरं झालं आलात. इथं सगळे भाषावाले भरलेत. हिशेबाचं माणूस मी एकटाच होतो." मी काटेकोर होते, आजही आहे. घंटा झाली की वर्गात, दोन ओळींत सारखं अंतर, प्रयोगवहीत आकृती पेन्सिलीनंच. त्यावरून सर माझी फार थट्टा करायचे. "बाई वर्गात शिरल्या की भिंतीवरचं घड्याळसुद्धा सावधान उभं राहतं," असं त्यांनी एकदा मुलांसमोरच सांगितलं, आणि मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आठव्या दिवशी ते स्वतः चहा घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता निघून गेले. मग काय, राग धरणार तरी किती?

त्यांचा वर्ग मला हेवा वाटावा असा होता. त्याचं कारण मला वह्या पाहिल्यावर कळलं. आम्ही बाकीचे वह्या तपासायचो म्हणजे पानाच्या शेवटी एक रेघ ओढून 'पाहिले' लिहायचो. शेख सर लिहायचे. प्रत्येक वहीत, प्रत्येकाला वेगळं. 'उत्तर चुकलं, पण वाट बरोबर आहे. तिसऱ्या पायरीवर परत जाऊन बघ.' किंवा, 'हे गणित तू सोडवलं नाहीस, हाकलून लावलंस.' एका मुलाच्या वहीत तर मी वाचलं होतं, 'अक्षर सुधारलं. तुझ्या आईला सांग, मी सांगितलंय म्हणून.' पोरं वह्या मिळाल्या की आधी मागचं पान उघडायची. मुख्याध्यापकांना हे सगळं लाल शाईची नासाडी वाटायचं. त्यांचं म्हणणं, छडीपेक्षा मोठा शेरा अजून निघायचा आहे. शेख सर हसून सोडून द्यायचे, पण ते त्यांना लागायचं. मला एकदा म्हणाले, "बाई, मला खात्री आहे की दोन ओळींनी पोरगं बदलतं. पण माझी खात्री म्हणजे पुरावा नव्हे ना? तुमच्यासारखं सिद्ध करून दाखवायला पाहिजे."

त्या सुमारास ते बाहेरून एम.एड. करत होते. लेखी परीक्षा झाली होती, प्रबंध बाकी होता. तो झाला की नगरला शिक्षक तयार करणाऱ्या कॉलेजात जागा मिळेल, तिथे होणाऱ्या मास्तरांना वह्या कशा तपासायच्या हे शिकवता येईल, हे त्यांचं स्वप्न होतं. ते स्वप्न त्यांनी मला आणि भाभींनाच सांगितलं होतं. पुण्याच्या मार्गदर्शकांना त्यांनी विषय कळवला, 'शिक्षकाच्या शेऱ्याचा विद्यार्थ्याच्या प्रगतीवर होणारा परिणाम', आणि त्यांनी तो पसंत केला. बहात्तरची दिवाळी झाली आणि आम्ही दोघांनी मिळून प्रयोग आखला. आम्ही म्हणते, कारण आखणीत माझा हात मोठा होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. नववीचा वर्ग घ्यायचा. दहा आठवडे दर बुधवारी गणिताची पंचवीस गुणांची चाचणी, शुक्रवारी पेपर परत. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करायचे. एका गटाला गुण आणि खाली सरांचा शेरा. दुसऱ्याला नुसते गुण, बाकी एक अक्षर नाही, वहीतसुद्धा नाही. गुण मी द्यायचे, म्हणजे सरांची माया आकड्यात उतरणार नाही. मुलांना यातलं काही कळू द्यायचं नाही. आणि शेवटचा नियम सरांनी स्वतःच घातला होता. "पोरं तुमच्यापाशी काही बोलली तर मला सांगू नका, बाई. ऐकलं की माझा हात वळेल."

यातली विसंगती मला तेव्हाही दिसली होती. शेऱ्याची किंमत सिद्ध करण्यासाठी अर्ध्या वर्गाचा शेरा बंद करायचा होता, तोही ज्याच्याच्याने एक वही कोरी सोडवत नव्हती अशा माणसानं. पण प्रयोग म्हटला की असं करावं लागतं, असं मी त्यांना समजावलं. चिठ्ठ्या आम्ही प्रयोगशाळेत काढल्या, खडूच्या रिकाम्या डब्यातून. ते एकेक चिठ्ठी उघडायचे, मी नाव लिहायचे. एका चिठ्ठीपाशी ते थांबले. इंदूची चिठ्ठी होती ती, आणि ती कोऱ्या गटात आली होती. इंदू वस्तीवरून येणारी मुलगी, नववीतल्या चार मुलींपैकी एक, आणि गणितात सगळ्या मुलांच्या पुढे. नाकावर टिच्चून पुढे. वर्षाच्या सुरुवातीलाच सरांनी तिच्या वहीत लिहिलं होतं, 'इंदूला गणितात गती आहे. तिची शाळा थांबवू नका.' चिठ्ठी हातात धरून ते म्हणाले, "बाई, हिला त्या गटात टाकली तर? कुणाला कळणार आहे?" मी म्हणाले, "मग चिठ्ठ्या काढल्या कशाला, सर?" ते ओशाळून हसले. मी इंदूचं नाव कोऱ्या गटाच्या यादीत लिहिलं.

साल कसलं होतं हे आमच्या पिढीला सांगायला नको. विहिरी आटल्या होत्या, रानात गवताची काडी नव्हती, काष्टीच्या बाजारात जनावरं यायची ती परत जायची नाहीत. गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम निघालं होतं. घरची मोठी माणसं खडी फोडायला जात होती आणि वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होत होती. अशा दिवसांत आम्ही कसले आकडे गोळा करत होतो, असं आज वाटतं. तेव्हा नाही वाटलं. उलट शाळेत काहीतरी शहाणपणाचं चाललंय याचा आधार वाटायचा.

पहिले तीन आठवडे सुरळीत गेले. शेऱ्याच्या गटाचे गुण हळूहळू चढत होते आणि कोऱ्या गटाचे उतरत होते. आलेखाचा कागद मी आखला होता, त्यावर दोन रेघा एकमेकींपासून लांब जाताना दिसायला लागल्या. सरांना आनंद झाला. लपवायचा प्रयत्न करत होते, पण झाला. "बाई, फरक दिसतोय," असं ते म्हणाले आणि लगेच गप्प झाले. मला वाटतं, आपण कशाचा आनंद मानतोय हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. इंदू अठरावरून सतरावर आणि सतरावरून पंधरावर आली होती.

तिसरे पेपर वाटल्यानंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत होते. इंदू दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. मग खाली बघत म्हणाली, "बाई, सरांचा माझ्यावर राग हाय का?"

"राग कशाला असेल?"

"माझ्या पेपरावर काईच लिवत न्हाईत आता. पयलं लिवायचे."

इतकं सरळ विचारलं होतं पोरीनं. मी काय करायला हवं होतं ते आज शेंबडं पोरही सांगेल. सरांकडे जायचं आणि नियम गुंडाळून ठेवायचा. ते जमत नसेल तर निदान तिला म्हणायचं, राग नाही गं, हे जरा वेगळं चाललंय. पण मी हातातली नळी पुसत राहिले आणि म्हणाले, "अभ्यास वाढव, म्हणजे लिहितील." ती मान हलवून गेली. मी सरांना सांगितलं नाही. नियमच होता तसा, असं मी स्वतःला बजावलं. पण खरं सांगायचं तर प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराच्या पानावर माझं नाव पहिलं येणार होतं, सरांनी तसं कबूल केलं होतं, आणि प्रयोग मोडलेला मला नको होता. एवढीशी गोष्ट. लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या चाचणीत इंदूला पंचवीसपैकी तेवीस गुण मिळाले. वर्गात सगळ्यांत जास्त. तिनं अभ्यास वाढवला होता. तेवीसचा आकडा मीच माझ्या हातानं घातला. पेपर सरांच्या टेबलावर ठेवला तेव्हा ते बराच वेळ तो बघत बसले. लाल पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मी समोरच होते. मी चकार शब्द काढला नाही. शेवटी त्यांनी पेपर कोऱ्या गटाच्या गठ्ठ्यात ठेवला आणि मला विचारलं, "हे कसं झालं असेल, बाई? शेरा नसताना एकदम तेवीस? म्हणजे माझं म्हणणं चूकच की काय?" आलेखात तो एक ठिपका सगळी रेघ मोडून वर गेला होता. मी म्हणाले, "अपवाद असतात, सर." शुक्रवारी इंदूला पेपर मिळाला. तिनं तो उलटून मागं बघितलं, पुन्हा सुलटा केला आणि घडी घालून दप्तरात ठेवला. पाचव्या चाचणीत तिला चौदा मिळाले, सहाव्यात नऊ. सातव्या बुधवारी तिची जागा रिकामी होती.

पुण्याहून आलेल्या सूचनांत एक ओळ होती, मध्येच शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं गणनेतून कमी करावीत. सरांनी यादी समोर घेतली, तिच्या नावावर रेघ मारायला पेन टेकवलं आणि उचललं. मग उठले आणि म्हणाले, "चला बाई, जाऊन येऊ." इंदूचे सहाही पेपर त्यांनी वर्गातल्या तिच्या मैत्रिणीकडून मागून घेतले होते. ती येईनाशी झाली तेव्हा मैत्रिणीकडे ठेवून गेली होती म्हणे. आम्ही चालत दोन मैल गेलो. रस्त्याच्या कामावर धूळ नुसती उडत होती. इंदूचे वडील किसनराव खडीच्या ढिगाशी हातोडा घेऊन बसले होते आणि इंदू खडीची पाटी भरत होती. आम्हाला पाहून तिनं पदर ओढला आणि पाठ फिरवली.

किसनरावांनी हातोडा खाली ठेवला, डोक्याचं मुंडासं सोडून त्यानं दगड झटकला आणि आम्हाला बसायला दिला. सरांनी विचारलं, पोरगी शाळेत का येत नाही. तेव्हा ते जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"मास्तर, तुमी लिवत हुता तवर आमी पाठवत हुतो. मला कुटं वाचता येतंय? शनवारी बाजारात गेलो की वही शिंप्याफुडं धरायची. त्यो मशीन थांबवून मोठ्यानं वाचायचा. चार मान्सं ऐकायची, बरं वाटायचं. 'शाळा थांबवू नका' हे वाचलं त्या दिशी मी सोयरीक घिऊन आल्याला पाव्हना माघारी लावला. मंग तुमचं लिवनं बंद झालं. शिंपी म्हनायचा, किसन, आज बी काय न्हाई, नुसता आकडा हाय. सहा बाजार ऐकलं मी. मंग मीच उमगलो. पोरीचं आता काय खरं न्हाई, पन मास्तर भला मानूस, त्याला तोंडावर सांगवंना. म्हनून गप बसलाय."

सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "किसनराव, तेवीस सगळ्या वर्गात जास्त होते."

"आसतील. मंग लिवायचं तसं."

सोयरीक झाली होती. माणसं चांगली होती, सुपारी फुटली होती, चैत्रात लग्न होतं. किसनराव रागावले नव्हते, आमच्याशी वाद घालत नव्हते, आणि म्हणूनच बोलायला काही उरलं नाही. सर तिथेच त्या दगडावर बसले. पिशवीतून सहाही पेपर काढले, मांडीवर ठेवले आणि लाल पेनानं एकेकावर लिहायला लागले. आजूबाजूचे हातोडे थांबले. बायका पाट्या डोक्यावर घेऊन तशाच उभ्या. एवढं ऊन होतं की शाई कागदाला लागायच्या आत वाळत होती. तेवीसच्या पेपरवर त्यांनी सगळ्यांत जास्त लिहिलं, पाठपोट लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही, माझी वाचायची छाती झाली नाही. किसनरावांनी पेपर दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि मुंडाशात खोचले. "शनवारी वाचून घेतो," म्हणाले. इंदूनं शेवटपर्यंत वळून पाहिलं नाही.

परत येताना सर एवढंच बोलले, "मी पुराव्याच्या मागे लागलो बाई, आणि पोरगी गेली." दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या गटातल्या सगळ्या मुलांचे जुने पेपर मागवले आणि चार दिवस बसून प्रत्येकावर शेरा लिहिला. पुण्याला पत्र टाकलं, काम बंद करत आहे. मार्गदर्शकांचं उत्तर आलं, एका विद्यार्थिनीच्या गळतीनं प्रबंध अडत नाही, पुन्हा विचार करा. त्यांनी पुन्हा विचार केला नाही. एम.एड. राहिलं ते राहिलंच. नगरच्या कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सर त्याच शाळेत त्याच वर्गांना गणित शिकवत निवृत्त झाले, आणि शेवटच्या वर्षापर्यंत प्रत्येक वहीत लिहीत राहिले. मुख्याध्यापक बदलले, लाल शाईची तक्रार चालूच राहिली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. ते तेवीस. त्या फाल्गुनात मला त्यांनी चार-पाचदा तरी विचारलं असेल. "बाकी सगळं कळतं बाई, पण मधेच ती तेवीसवर कशी गेली?" प्रत्येक वेळी शब्द माझ्या ओठांवर यायचे आणि प्रत्येक वेळी मी गिळायचे. चैत्रात इंदूचं लग्न झालं. सर गेले होते, मी गेले नाही, नगरला घरी काम आहे असं सांगितलं. त्यानंतर त्यांनी तेवीसविषयी कधीच विचारलं नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. वाटलं, विसरले.

पुढे माझी नगरला बदली झाली, तरी घरोबा तुटला नाही. दर ईदला मी त्यांच्याकडे आणि दर दिवाळीला ते आणि भाभी माझ्याकडे. मी लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी सर एसटीनं आले आणि दिवसभर माझ्या दारात खुर्ची टाकून बसले, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी माझ्याऐवजी तेच बोलले. गेल्या उन्हाळ्यात शेवटचं भेटलो तेव्हा त्यांना धड ऐकू येत नव्हतं. मोठ्यानं बोलावं लागायचं. तेव्हाही मनात आलं होतं, सांगून टाकावं. पण जे पन्नास वर्षं कुजबुजत सांगायला जमलं नाही ते आता घरभर ऐकू जाईल असं ओरडून कसं सांगायचं? पुढच्या खेपेला बघू, म्हटलं. पुढची खेप... असो.

मागच्या आठवड्यात त्यांचा चाळिसावा दिवस झाला. गावातली बरीच माणसं आली होती, जुने विद्यार्थी तर ओळखू येईनात. मी आतल्या खोलीत भाभींपाशी बसले होते. तेवढ्यात नऊवारीतली एक बाई आत आली, भाभींच्या गळ्यात पडली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वळखलं का बाई? मी इंदू." पासष्टीची झाली असेल. केस पांढरे, हात खरखरीत, डोळे तेच. आम्ही ओसरीवर येऊन बसलो. घरचं विचारलं. तीन मुलं, नातवंडं, पोटापुरती शेती, "लई ब्येस चाललंय" म्हणाली. नातवंडांची गणितं अजून मीच घेते, असंही हसत सांगितलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मग ती आपणहून म्हणाली, "सर माझ्या लग्नाला आलं हुतं. मांडवात मला म्हनले, पोरी, मला एकदा इचारायचं तरी हुतंस. मी म्हनलं, सर, बाईंना इचारलं हुतं की. त्या म्हनल्या अभ्यास वाढीव, मी वाढीवला बी."

मी विचारलं, "मग? सर काय म्हणाले?"

"मंग म्हनले, 'हे बाईंना कधी बोलू नको. त्यांना लागंल.' म्हनून मी आजपातूर बोलले न्हाई. आता सरच न्हाईत, तर म्हनलं सांगावं." तिनं माझा हात हातात घेतला. तिच्या मनात खरंच काही नव्हतं. तिला वाटलं ती मला सरांची एक चांगली आठवण सांगतेय.

म्हणजे चैत्रापासून त्यांना माहीत होतं. त्यानंतरच्या सगळ्या ईदा, सगळ्या दिवाळ्या, माझ्या आईच्या वेळचा तो दिवसभर... सगळं माहीत असून. त्यांनी मला कधी तोडलं नाही, टोमणा मारला नाही, विचारलं नाही. लोक म्हणतील, केवढं मोठं मन. खरंच आहे ते. पण मला काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, सर, तुम्ही भांडायला हवं होतंत माझ्याशी. एकदा तरी.

घरी आल्यावर मी कपाटातून एक जुनं हस्तलिखित काढलं. शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी त्या वर्षावर एक लेख लिहिला होता आणि छापायला देण्याआधी सरांना वाचायला पाठवला होता. त्यांनी सवयीप्रमाणे समासात पेन्सिलीनं लिहून तो परत केला होता. पिवळी पडलेली पानं मी टेबलावर पसरली. प्रत्येक परिच्छेदाशी त्यांचं अक्षर होतं. 'इथे पाल्हाळ झालाय.' 'मुख्याध्यापकांवर इतकं तोंडसुख नको, ते आता थकले आहेत.' 'हे छान.' तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, 'एका विद्यार्थिनीला मध्येच मिळालेल्या तेवीस गुणांचं कोडं मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही.' त्या वाक्याच्या वर शेरा आहे, खाली शेरा आहे. त्या वाक्यापुढे काहीही नाही. पूर्वी मी हे पान दहादा पाहिलं असेल, पण तिथे जागा रिकामी आहे हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पेन्सिल टेकवल्याचा एक बारीक ठिपका आहे, बस्स.

मग मीच पेन्सिल घेतली आणि त्या ठिपक्यापुढे लिहिलं, 'कोडं नव्हतं. इंदूनं मला विचारलं होतं. मी सरांना सांगितलं नाही.' खाली सही केली, तारीख घातली. वाचायला आता सर नाहीत.